बोल्टाला काय होतंय!

घरी दुरुस्तीला कुणी आलं की आपण चहा टाकतो आणि बाजूला होतो. गाडीचं तर विचारूच नका, ते खातं पुरुषांचं. आमच्याकडे मात्र ते गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आलं. ह्यांची बदली बाहेरगावी, आणि मामंजींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नाशिकला न्यायचं. लासलगावहून विंचूर, निफाड करत सुमारे ६० किलोमीटर, तेवढंच परत. गाडी मी चालवते. आमची मारुती ८०० आहे २०१० सालची. २०१४ मध्ये कंपनीनं हे मॉडेल बंद केलं, पण इंजिनाची अजून तक्रार नाही.

तक्रार आली ती पुढच्या डाव्या चाकाकडून. खड्डा लागला, ब्रेक दाबला की ‘कट्’ असा आवाज. मामंजी म्हणाले, “सूनबाई, कुणीतरी खालून सुपारी फोडतंय.” आमच्या रस्त्यांचं सांगायला नको. कांद्याच्या हंगामात बाजार समितीकडे भरल्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात, आणि पावसात त्याच रस्त्यांवर चिखल. ही काळी माती गाडीच्या पोटाला लिंपल्यासारखी बसते आणि आत ओल धरून ठेवते. लोखंड गंजणार नाही तर काय!

मिस्त्रींनी गाडी उचलली, जॅकवर विश्वास न ठेवता लोखंडी घोड्यांवर ठेवली, चाक काढलं आणि मला दाखवलं. चाकाला खालून धरणारा एक लोखंडी हात असतो, त्याला लोअर आर्म म्हणतात. तो गाडीच्या सांगाड्याला जिथं जोडतात तिथं रबराचा बुश, आणि बुशमधून आरपार जाणारा एक बोल्ट. बुश फाटला होता. बोल्ट तर निघेचना. गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवला, तेव्हा सकाळी हातोडीच्या ठोक्यांनी सुटला.

शाळा दुपारची, म्हणून मी तिथंच स्टुलावर बसले होते. बोल्ट हातात घेऊन पाहिला. दोन्ही टोकांना ठीक, पण मधे, जिथं बुशची नळी बसते तिथं, गंजानं खाल्लेला. बोट फिरवलं तरी खाच लागत होती. मिस्त्रींनी तारेच्या ब्रशनं घासून तो चकचकीत केला आणि पुन्हा बसवायला घेतला.

“नवा नाही का टाकायचा?”

“ताई, बुश नवा टाकतोय ना. बोल्टाला काय होतंय!”

मैत्रिणींनो, ह्याच वाक्यासाठी मी हा लेख लिहायला बसले. बुश, शॉकअॅब्सॉर्बर, टायर ह्यांची नावं बिलात येतात. बोल्ट बिलात येत नाही, म्हणून तो कुणाच्या मनातही येत नाही. पण कुकरच्या दांड्याचा स्क्रू सैल झाला की काय होतं ते आपल्याला ठाऊक असतं. दांडा हलतो, हलून हलून भोक मोठं होतं आणि एक दिवस कुकर उचलताना दांडा हातात येतो. गाडीतही तसंच. घट्ट आवळलेला बोल्ट दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो, आणि भार पेलते ती मुख्यतः ही दाबाची पकड. पकड सुटली की प्रत्येक खड्ड्याचा घाव थेट बोल्टावर बसतो, आणि खाच पडलेली असेल तर भेग तिथूनच सुरू होते. तो तुटला तर चाक भलतीकडे वळतं आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. समोरून कांद्याचा ट्रक, शेजारी मामंजी. मी म्हटलं, नवाच टाका.

मग मिस्त्रींनी पोराला हार्डवेअरच्या दुकानात पिटाळलं. त्यानं त्याच मापाचा, छान पांढरा बोल्ट आणला. जुन्याच्या डोक्यावर आकडा कोरलेला होता, ह्याचं डोकं कोरं. तो आकडा शोभेचा नसतो. काही कंपन्या एकच आकडा कोरतात, काही ८.८ किंवा १०.९ असे दोन. ८.८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साधारण ८० किलोचा ताण सोसणारं पोलाद, १०.९ म्हणजे साधारण १०० किलोचा. कोऱ्या डोक्याच्या बोल्टाचा असा काहीच भरवसा नाही. फाटकाला तो चालेल. शिवाय त्याचे आटे जाड, गाडीच्या बोल्टाचे बारीक. शेवटी नाशिकहून कंपनीचेच मागवले, दोन्ही बाजूंचे, नटांसकट. साडेतीनशे रुपयेही झाले नाहीत. नटसुद्धा नवे घ्यावेत, विशेषतः आत नायलॉनची कडी असलेले. ती कडी एकदा आट्यांवर चढली की दुसऱ्या खेपेला तिची पकड कमी होते.

मिस्त्रींना नावं ठेवायची नाहीत हं मला. त्यांच्या हाताला अक्कल आहे. बोल्ट आत सरकवून त्यांनी नट नुसता टेकवला आणि चाक चढवून गाडी खाली घेतली. मी विचारलं, आवळत का नाही? तर म्हणाले, “चाक लोंबकळत असताना आवळलं तर रबर त्याच स्थितीत धरलं जातं. गाडी खाली आली की त्याला पीळ बसतो, मग ते महिन्यातच फाटतं. गाडी आपल्या पायावर उभी राहिली की शेवटचं आवळायचं.” आवळतानाही त्यांनी शेजारच्या टायरवाल्याकडून ताण मोजणारा टॉर्क पाना मागून आणला. फार आवळला तरी बोल्ट ताणला जाऊन निकामी होतो, हे त्यांनीच सांगितलं. मग बोल्टाचं मात्र का चालतं? सवय, दुसरं काय! आणि गिऱ्हाईक दहा रुपयांसाठी घासाघीस करतं, हेही खरंच.

पुढच्या फेरीला नाशिकमध्ये चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. आवाज गेला. मामंजी निफाडपर्यंत डुलकी काढतात.

एक युक्ती मिस्त्रींनी सांगितली, ती तुम्हालाही सांगते. आवळून झाल्यावर नटापासून शेजारच्या लोखंडापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. त्यांच्याकडचा रंगाचा डबा सुकला होता, म्हणून मी पर्समधलं नेलपॉलिश दिलं. आता दर रविवारी गाडी धुतली की लेक टॉर्च घेऊन खाली वाकते आणि ओरडून सांगते, “आई, लाल रेघ सरळ आहे!”