लेबलं धुऊन गेल्यावर

ऑगस्ट २०१९च्या पुरात कृष्णेचं पाणी सांगलीतल्या आमच्या कॉलेजच्या तळमजल्यावर शिरलं आणि रसायनशास्त्राच्या स्टोअररूममधले खालचे कप्पे बुडाले. पाणी ओसरल्यावर पाहिलं, तर बाटल्या बहुतेक शाबूत. लेबलांचा मात्र लगदा झालेला. त्या कप्प्यांत अल्कोहोलं आणि सेंद्रिय आम्लं होती, एवढं स्टॉक रजिस्टर सांगत होतं. कुठल्या बाटलीत काय, हे शोधायचं काम माझ्यावर आणि लॅबमधल्या मामांवर आलं.

“वासावरनं कळतंय की,” असं सांगणारे बरेच भेटले. पण मिथेनॉल आणि इथेनॉल यांच्या बाबतीत नाकावर भरवसा ठेवणं धोक्याचं. २०१५ साली मुंबईत मालवणीला मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरहून अधिक माणसं दगावली. मिथेनॉलचं शरीरात आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं, आणि ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालतं.

सुरुवात सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने केली. परीक्षानळीत नमुन्याचे थेंब टाकले की आम्ल फसफसतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो. अल्कोहोल ढिम्म राहतं. दुपारपर्यंत टेबलाचे दोन भाग झाले.

अल्कोहोलांच्या बाजूला उत्कलनबिंदू घेतले. मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं, इथेनॉल ७८ला, आयसोप्रोपिल अल्कोहोल ८२च्या सुमारास. शेवटच्या दोघांतलं अंतर थोडं, म्हणून ल्युकास अभिकर्मक वापरला. आयसोप्रोपिलची नळी काही मिनिटांत गढुळली, बाकीच्या स्वच्छ राहिल्या. मग आयोडोफॉर्म चाचणी. आयोडीन आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून नळी कोमट केली की इथेनॉलमध्ये पिवळे बारीक स्फटिक खाली बसतात आणि जुन्या दवाखान्यासारखा वास सुटतो. मिथेनॉलमध्ये यातलं काहीच होत नाही.

एका बाटलीने चांगलाच घोळ घातला. आयोडोफॉर्म झकास आलं, म्हणजे इथेनॉल म्हणून मोकळं व्हायला हरकत नव्हती. पण ऊर्ध्वपातनाला लावल्यावर सत्तरच्या आसपासच थेंब पडू लागले आणि पारा वर सरकत राहिला. शुद्ध द्रव असा वागत नाही. ते मिथेनॉल घातलेलं स्पिरिट असावं, असा निष्कर्ष काढला. इथेनॉल आहे हे आयोडोफॉर्म सांगतं. सोबत मिथेनॉल नाही, याची हमी ते देत नाही.

आम्लांत घन पदार्थ सोपे गेले. बेंझोइक आम्ल थंड पाण्यात फारसं विरघळत नाही, उकळत्या पाण्यात विरघळतं आणि निवताना चकचकीत पापुद्रे धरतं. वितळतं १२२ अंशांना. सॅलिसिलिक आम्लाने फेरिक क्लोराइडला जांभळा रंग दिला. ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम क्लोराइडबरोबर पांढरा साका देतं आणि कोमट, आम्लयुक्त परमँगनेटचा रंग घालवतं. द्रवांमध्ये फॉर्मिक आम्लाने टॉलेन्स अभिकर्मकातून नळीला चांदीचा आरसा चढवला. ॲसिटिक आम्ल ते करत नाही.

राहिल्या दोन बाटल्या. दोन्हींना व्हिनेगरचा झणझणीत वास, दोन्ही सोड्यावर फसफसणाऱ्या, दोन्हींत आरसा नाही.

“मॅडम, दोन्ही एकच की,” मामा म्हणाले.

दोन नळ्या बर्फात उभ्या केल्या. शुद्ध ॲसिटिक आम्ल साडेसोळा अंशांच्या आसपास गोठतं. एका नळीत काचकांडीने आतून खरवडताच सुया पसरल्या आणि पाहता पाहता सगळं गोठलं. दुसरी नळी कितीही घासली तरी पातळच. पाणी मिसळलं की या आम्लाचा गोठणबिंदू झपाट्याने खाली येतो. झाकण सैल होतं, पुराचं पाणी आत गेलं होतं.

तेव्हापासून मी ओळख आणि शुद्धता हे दोन वेगळे प्रश्न म्हणून शिकवते. फेस, साका, रंग यांवरून पदार्थ कोणता ते कळतं. तो निखळ आहे का, हे उत्कलनबिंदू, द्रवणांक आणि गोठणबिंदू सांगतात. त्या स्पिरिटच्या बाटलीवर ‘विषारी’ लिहून ती टाकाऊ रसायनांत पाठवली. पाणी शिरलेलं ॲसिटिक आम्ल ‘फक्त सोड्याच्या चाचणीसाठी’ म्हणून प्रथम वर्षाला दिलं. आता लेबलं पेन्सिलीने लिहितो, वर पारदर्शक टेप लावतो आणि नावाखाली केलेल्या चाचण्या व तारीख नोंदवतो. आम्लं आणि अल्कोहोलं आता पहिल्या मजल्यावर, वेगवेगळ्या कपाटांत आहेत.