पाकिटातलं पाकीट

सोसायटीच्या खजिनदार काकूंचा फोन आला, "अरे, तुझ्या मेलमधली एकही पावती उघडत नाहीये." मेंटेनन्सच्या पावत्या आपोआप पाठवणारा पायथनचा प्रोग्राम मी आदल्याच रात्री चालू केला होता. एरर एकही नव्हती. मेल पोचले होते, अटॅचमेंटही दिसत होती.

पूर्वी मी लगेच कोडला हात घालायचो. आता आधी पोचलेली फाइल बघतो. ९० केबीची पावती १२३ केबीची झाली होती, आणि निम्मा उलगडा तिथेच झाला. मेलची मूळ व्यवस्था ७ बिटांची, साधी रोमन अक्षरं वाहण्यापुरती. १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइमचे नियम मांडले आणि अटॅचमेंट बेस-६४ मध्ये जाऊ लागली: दर ३ बाइटांची ४ अक्षरं, ओळ फार तर ७६ अक्षरांची. म्हणजे वाटेत फाइल तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्तच फुगते. पण मुक्कामी तिने मूळ मापावर यायला हवं. आमची फुगलेलीच राहिली होती. नोटपॅडमध्ये उघडली, तर सुरुवातीलाच ‘जे-व्ही-बी-ई-आर’. पीडीएफची पहिली खूण बेस-६४ मध्ये अशी दिसते, हे आता ओळखीच्या चेहऱ्यासारखं पाठ आहे. एकदा मी एन्कोड केलं होतं, आणि मेल तयार करणाऱ्या पायथनच्या लायब्ररीने आपलं काम म्हणून पुन्हा. उघडणाऱ्याने बाहेरचं पाकीट फोडलं, आतलं तसंच राहिलं. माझी ओळ काढली, कच्चे बाइट लायब्ररीच्या हवाली केले.

उरलं फाइलचं नाव. ‘पावती’ काहींकडे प्रश्नचिन्हांची रांग होऊन पोचत होती. फाइलच्या नावाची रीत वेगळी, विषयाच्या ओळीची वेगळी. मी दोन्ही हेडर हाताने जुळवले होते. अशा वेळी बरेच जण नाव इंग्रजीत करून मोकळे होतात. मला ते पटत नाही. पावती मराठीत असेल, तर तिचं नावही मराठीतच पोचायला हवं. हेही काम लायब्ररीवर सोपवलं, आणि खात्रीसाठी मेलचा मूळ मजकूर उघडून बसलो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये बरोब्बर ३ बाइटांचं, म्हणून बेस-६४ मध्ये नेमकी ४ अक्षरं. विषयाच्या ओळीत ‘पावती’ची पहिली चार चिन्हं ‘फोर-के-एस’ने सुरू होत होती आणि पाचवं ‘फोर-के-डब्ल्यू’ने. प, काना, व, त, आणि शेवटची दीर्घ वेलांटी.