बुद्रुक आणि खुर्द

बेलापूरचा पत्ता सांगताना आम्हांला नेहमी एक पुरवणी जोडावी लागते : बुद्रुक की खुर्द? मूळ फारसी ‘बुजुर्ग’ म्हणजे वडीलधारा आणि ‘खुर्द’ म्हणजे लहान. मोडीतल्या दप्तरांपासून सातबाऱ्यापर्यंत थोरल्या-धाकट्या गावांची ही जोडी महाराष्ट्रभर नांदते आहे. शिवाय आमच्या गावाचे आणखी एक धाकटे भावंड आहे. दौंड-मनमाड लोहमार्गावरच्या स्थानकाला नाव मिळाले बेलापूरचे, पण स्थानक पडले प्रवरेकाठच्या मूळ गावापासून दूर. त्या स्थानकाभोवती श्रीरामपूर वाढले, बाजारपेठ झाले, तालुक्याचे ठिकाणही झाले. थोरले गाव नदीकाठी होते तिथेच राहिले. या थोरल्या-धाकट्यांच्या गोष्टीकडे आम्ही आजवर कौतुकाने पाहत आलो. ती आमच्या घरात घडली तेव्हा मात्र कौतुक टिकले नाही.

पौषातली गोष्ट. मळ्यांमधून ऊसतोड जोरात होती. फड तुटत आला की आत काय काय सापडते, हे या भागात पोरासोरांनाही ठाऊक असते. बिबट्याचे बछडे सापडले की वनखात्याची माणसे ते बहुधा सापडल्या जागीच रात्री खोक्यात ठेवतात. आई येऊन घेऊन जाते. त्या दिवशी तोडणाऱ्या टोळीतली एक मुलगी ओढणीत गुंडाळून जे घेऊन आली, ते साधे गावमांजराचे पिल्लू होते. तीनेक आठवड्यांचे असावे. डोळे निळसर, दुधाचे दात नुकतेच टोचू लागलेले. आम्हीही बिबट्याचा न्याय त्याला लावला. टोपलीत घालून बांधाजवळ ठेवले आणि रात्र पडेपर्यंत लांबून पाहत राहिलो. आई आली नाही. मग ‘महिनाभरापुरते’ असे एकमेकांना बजावून पिल्लू घरी आणले आणि त्याचे नाव ठेवले खुर्द. त्यामुळे घरातली नऊ वर्षांची मांजरी, जी आजवर नुसती ‘मनी’ होती, ती आपोआप बुद्रुक झाली.

बुद्रुक मुळात आईची. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून तिच्या वेताच्या खुर्चीवर हीच बसते. आम्ही पहिल्याच संध्याकाळी पिल्लाची टोपली नेमकी त्या खुर्चीवर ठेवली. कारण काय, तर ती खिडकीपासून दूर आणि उबेची जागा. समोर दोन बशा शेजारी शेजारी मांडल्या आणि आता मैत्री होईल म्हणून हसऱ्या चेहऱ्याने वाट पाहत बसलो. बुद्रुक उंबऱ्यात थबकली. शेपूट बाटली पुसायच्या ब्रशासारखी फुगली. ती एकदाच फिस्कारली आणि भिंतीवर चढून बसली. रात्री जेवली नाही, सकाळीही नाही. “कसला मत्सर हा!” असे म्हणून आम्ही महाविद्यालयात निघून गेलो. परतलो तेव्हा ती भिंतीवरही नव्हती.

ती रात्र आम्ही बॅटऱ्या घेऊन उसाच्या कडेने हाका मारत काढली. पाचटात काही सळसळले की जीव घशात यायचा, कारण याच फडांतून कुत्री-मांजरी उचलली जातात हेही इथे सर्वांना ठाऊक आहे. पहाटे ती सापडली शेजाऱ्यांच्या जळणाच्या ढिगामागे. पशुवैद्यांनी पिल्लाआधी आमचीच तपासणी केली. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचू लागते. आणि बाहेरून आलेल्या पिल्लाला निदान दोन आठवडे वेगळे ठेवायचे असते, कारण त्याचा आजार नंतर दिसतो आणि थोरलीला आधी लागतो. हे ऐकताना दोन पदव्युत्तर पदव्या मान खाली घालून उभ्या होत्या.

‘मत्सर’ हा शब्द आम्ही वर्गात कितीदा सहज वापरतो! लोककथांतली प्रत्येक थोरली आम्ही सवतीमत्सराच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. तो शब्द नेहमी घर ज्याच्या ताब्यात आहे तोच उच्चारतो, हे त्या रात्री ध्यानात आले. मांजराचे पूर्वज एकेकटे शिकार करणारे. जागा गेली की अन्न गेले, एवढेच त्याचे शहाणपण. लीळाचरित्रातला ससा पारध्यांपासून पळत चक्रधरांच्या जानूखाली शिरतो आणि स्वामी त्याला अभय देतात, ही लीळा आम्ही वर्षानुवर्षे भरल्या गळ्याने शिकवली. पण त्या जानूखाली आधीपासून कोणी बसलेले नव्हते. आमच्या खुर्चीवर होते.

आणि आणखी एक आठवले, जे एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. शेवटच्या वर्षी आमच्या पुस्तकांसाठी आईची खोली घेतली आणि तिची कॉट बाहेर आणली. ती काही म्हणाली नाही. जेवण कमी झाले. आम्ही म्हणालो, म्हातारपण.

पुढे सगळे नव्याने केले. खुर्ची परत दिली. पिल्लू पुस्तकांच्या खोलीत बंद. दर तीन-चार तासांनी, गायीचे नव्हे तर पिल्लांसाठीच्या पुडीचे दूध. त्याच्या अंगाला पुसलेला पंचा बुद्रुकच्या वाटेत ठेवायचा, तिचे फडके त्याच्या टोपलीत. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोन बशा. रोज वीतभर जवळ. तिसऱ्या आठवड्यात दार चार बोटे उघडले. फिस्कारणे झाले, पण बशी सोडून ती गेली नाही. महिन्याअखेर दोघे एकाच गोधडीच्या दोन टोकांना झोपू लागले. यापेक्षा जवळीक कधी झाली नाही.

महिना संपला तेव्हा ठरल्याप्रमाणे एका सहकाऱ्यांनी पिल्लू मागितले. नाही म्हणायला आमच्याजवळ शंभर कारणे होती, आणि ती सगळी आमची होती. खुर्द गेला. बुद्रुकने त्याला शोधले नाही. शोधत राहिलो आम्ही.

पंचा मात्र धुवायचा राहिला आहे. दुपारी ती खुर्ची सोडून त्यावर जाऊन झोपते. याचा अर्थ लावण्याचा मोह आम्ही आवरला आहे. पंचा तिथेच राहू दिला आहे.