वर आठ, खाली आठ

पुणे, बुधवार

ती. मामांस,



फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून सिनेमावर बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. मामींनी वाचून दाखवलं तरी चालेल. फक्त तंबूचा भाग आला की कागद त्यांच्या हातातून काढून घ्या.

भाऊबीजेच्या रात्री जेवणं झाल्यावर आपण 'बॅड डे ॲट ब्लॅक रॉक' लावला होता. वाळवंटातल्या त्या स्टेशनात चार वर्षांत पहिल्यांदाच गाडी थांबते आणि एक हात कायम खिशात घातलेला स्पेन्सर ट्रेसी खाली उतरतो. तुमच्या नातवाला चैन पडेना. "एवढा मोठा टीव्ही आणि वर-खाली नुसत्या काळ्या पट्ट्या," असं म्हणत त्यानं रिमोटवर झूम दाबलं. पट्ट्या गेल्या, पडदा भरला, पोरगं खूश झालं. तुम्ही चष्मा पुसून दोन मिनिटं बघितलंत आणि म्हणालात, "अरे, कडेला उभा होता तो कुठं गेला?" तुमचे दोन्ही डोळे मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे, आणि तरी हे दिसलं फक्त तुम्हाला.

निघताना, चप्पल घालत असताना तुम्ही विचारलंत, "हा सिनेमा तू लग्नाआधी रात्री जागून बघितला होतास म्हणतेस. तेव्हाचा तुमचा टीव्ही तर चौकोनी डबा. त्यात हा मावला कसा?" बस चुकेल म्हणून मी हसून वेळ मारून नेली. मिरजेपासून पुण्यापर्यंत तोच विचार करत आले. उत्तर असं आहे, की तो मावला नव्हता.

आधी माप सांगते, तुम्हाला मापाशिवाय पटत नाही. तुमचा टीव्ही 95 सेंटिमीटर रुंद आणि साधारण साडेत्रेपन्न सेंटिमीटर उंच. हा सिनेमा 1955 चा, सुरुवातीच्या सिनेमास्कोपचा. उंची एक धरली तर रुंदी 2.55. म्हणजे 95 रुंदीला उंची आली सदतीसच्या आसपास. उरलेलं वर आठ, खाली आठ काळं. नातवाला वाटतं की हे आठ-आठ सेंटिमीटर कुणीतरी आपल्याकडून हिसकावलेत. झूम दाबल्यावर ते भरले खरे, पण त्यासाठी चित्राच्या डावीकडून पंधरा आणि उजवीकडून पंधरा टक्के भिंतीत गेले. तुमचा कडेचा माणूस तिथे गेला.

आता आमचा 1996 चा डबा. वीस इंची, उंचीला तीन तर रुंदीला चार. ज्या चॅनेलवर दिवसा कार्टून लागायची त्याच चॅनेलवर रात्री जुने अमेरिकन सिनेमे सुरू व्हायचे. आप्पा झोपले की मी आवाज एकवर ठेवून बघत बसायचे. त्या डब्यात पूर्ण रुंदी बसवायची तर मध्ये बोटभर चिंचोळं चित्र राहिलं असतं आणि लोकांनी केबलवाल्याला शिव्या दिल्या असत्या. मग उंची पूर्ण भरायची आणि रुंदीतली जवळजवळ निम्मी फेकायची, असा व्यवहार चालायचा. कुठली निम्मी, हे ठरवायला एक माणूस बसलेला असे. सिनेमाची प्रत टीव्हीसाठी उतरवताना तो एक चौकोनी खिडकी चित्रावरून डावी-उजवीकडे सरकवायचा. बोलणारा डावीकडे असेल तर खिडकी डावीकडे, उजवीकडच्यानं उत्तर दिलं की उजवीकडे. कधी मधेच कट मारायचा. दिग्दर्शकानं कॅमेरा हलवलेलाच नसे, हलायची ती ह्या गृहस्थाची खिडकी. मामा, तुम्ही पस्तीस वर्षं प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये काढलीत. तुमच्या मशीनवर उभं राहून कुणी सांगितलं असतं, की लोकांनी काय बघायचं ते आता मी ठरवतो, तर तुम्ही त्याला जिना दाखवला असता.

एक गंमत राहिली. सुरुवातीची नावं कापून चालत नसे, नट आणि तंत्रज्ञ कोर्टात गेले असते. म्हणून नावं असेपर्यंत अख्खं चित्र दाबून डब्यात कोंबायचे. घोडे उंटासारखे, माणसं बांबूसारखी. नावं संपली की सगळे एकदम धडधाकट व्हायचे आणि त्याच क्षणी निम्मे गायब. मला तेव्हा वाटायचं ही काहीतरी कलाकुसर आहे. तुम्ही असतात तर पहिल्या चौकटीलाच ओरडला असतात, "स्कोपची लेन्स लावा!" फिल्मवर चित्र निम्म्या रुंदीत दाबलेलं असतं आणि पुढे लावलेली लेन्स ते परत फुगवते, हे मी पुस्तकात वाचायच्या आधी तुमच्याकडून ऐकलंय, मशीनजवळच्या त्या स्टुलावर बसून. ही लेन्स मूळची आन्री क्रेत्येन नावाच्या फ्रेंच माणसाची, 1920 च्या दशकातली. तिला कुणी विचारत नव्हतं. पुढे अमेरिकेत घरोघरी टीव्ही आले, थिएटरं ओस पडायला लागली, तेव्हा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सनं ती शोधून काढली आणि 1953 साली 'द रोब' आणला. टीव्हीला जे जमणार नाही ते दाखवायचं, हा हिशेब. आणि आठ वर्षांनी, 1961 मध्ये, एनबीसीनं शनिवारच्या रात्री घरी सिनेमे दाखवायला सुरुवात केली तेव्हा पहिलाच निवडला तो 'हाऊ टू मॅरी अ मिलिअनेअर', सिनेमास्कोपचाच. त्यात तीन नायिका. डब्यात दीड मावत असेल.

विनोदी सिनेमात दीड नायिका एक वेळ चालते. रहस्यपटात चालत नाही. हे मला कळायला फार वर्षं लागली, आणि खरं म्हणजे ते तुमच्या तंबूच्या गोष्टीतून कळलं.

(मामी, इथे थांबा.)

ती जत्रा आठवतेय? तंबूवाल्यानं हौसेनं स्कोपची प्रत आणि भाड्याची लेन्स आणली होती, पण पडदा जुनाच, आखूड. तुम्ही मशीन मागे-पुढे करून थकलात. उंची जुळवली की रुंदी बाहेर. शेवटी तसंच चालू केलंत. मधलं चित्र पडद्यावर आणि दोन्ही कडा तंबूच्या कनातीवर. सुरा घेतलेला खलनायक नेमका डाव्या कडेला, म्हणजे बायकांच्या बाजूच्या कापडावर, सुरकुत्यांमधून हलत उभा. अख्खा तंबू पुढे हिरोकडे बघतोय आणि बायकांमधून किंकाळी आली. म्हणे एक म्हातारी चप्पल टाकून पळाली. मालकानं त्या रात्री तुमचा अर्धा पगार कापला. तुम्ही हे दरवेळी स्वतःची फजिती म्हणून सांगता. मला मात्र वाटतं, त्या रात्री तुमच्या तंबूत रुंद पडद्याचं मर्म सगळ्यात नीट दिसलं. गोष्ट मधोमध चालू असते आणि भीती कडेला उभी असते. तिच्याकडे कधी बघायचं, ते प्रत्येकानं आपापलं ठरवायचं असतं.

ब्लॅक रॉकच्या टोळीचं घ्या. रुळांपाशी ते पाच-सहा जण जमतात आणि परक्या माणसाचं काय करायचं ह्यावर बोलतात. सगळे एका चौकटीत, पण एकमेकांपासून अंतर राखून, जणू प्रत्येकाला दुसऱ्याचा वास येतोय. बोलतोय एक, आणि तुम्ही बघताय न बोलणाऱ्याकडे: हा कधी फुटणार? मागे डोंगर, मध्ये रूळ, पळायला जागाच जागा, आणि कुणीच पळू शकत नाही. माझ्या 1996 च्या आठवणीत हा प्रसंग म्हणजे दोघा-तिघांचं भांडण होतं. एकानं बोलायचं, खिडकी सरकायची, दुसऱ्यानं बोलायचं. गप्प उभे असलेले मला कधी भेटलेच नाहीत. गोष्ट सगळी कळली होती हो. कोण चांगला, कोण वाईट, त्या गावानं काय दडवलंय, सगळं. पण गाव दिसलं नव्हतं. हॉटेलातली मारामारी मात्र जशीच्या तशी आठवत होती, कारण तिथे अर्नेस्ट बोर्गनाइन ट्रेसीच्या ताटलीत केचपची बाटली उपडी करतो, आणि केचप कुठल्याही डब्यात मावतं.

दुसरा घाव ह्याहून मोठा. 'द इनोसंट्स', 1961, इंग्लंडचा, कृष्णधवल. डेबोरा कर जुन्या वाड्यात दोन पोरांना सांभाळायला येते आणि तिला मेलेली माणसं दिसायला लागतात. फॉक्सची अट होती की सिनेमास्कोपमध्येच करा. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिसला पेच पडला, कारण गोष्ट कोंडलेल्या बाईची आणि चौकट मैदानाएवढी. त्यानं काय केलं असेल? काचेच्या फिल्टरच्या कडा स्वतः हातानं रंगवल्या, म्हणजे चित्राच्या दोन्ही बाजू काळोखात बुडतील आणि मधे मेणबत्तीएवढा उजेड राहील. आता विचार करा, टीव्हीवाल्यांनी काय कापलं? तो रंगवलेला काळोखच. त्यांच्या दृष्टीनं तिथे काहीच नव्हतं ना! आणि तळ्याचा प्रसंग. भर दिवसा पलीकडच्या काठाला, लव्हाळ्यात, काळ्या कपड्यांतली एक बाई उभी. लांब, लहानशी, काहीही न करता. मी तो पहिल्यांदा वीस इंचावर बघितला तेव्हा ती मला झाडाचं खोड वाटली. गेल्या वर्षी माझ्या मोठ्या टीव्हीवर बघताना हातातला चहा लवंडला.

पण सगळ्यांना एकाच तराजूत घालू नका म्हणाल, तर तेही खरं. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' व्हिस्टाव्हिजनमधला. त्यात फिल्म मशीनमधून आडवी धावते आणि चौकट मोठी मिळते, दाबादाबी नाही. ती मूळ चौकट एवढी लांबट नव्हतीच. थिएटरात वर-खाली झाकून दाखवायची, त्यामुळे टीव्हीवाल्यांना कडा छाटण्याऐवजी झाकलेलं उघडून दाखवायची सोय होती. अशा काही सिनेमांत तर घरी बसून जास्तच दिसायचं, कधी वरून लोंबणारा माइकसुद्धा. तो शेतातल्या विमानाचा प्रसंग तुम्हाला मुद्दाम दाखवला होता. रस्त्याच्या ह्या बाजूला कॅरी ग्रँट, त्या बाजूला एक अनोळखी माणूस, मध्ये रिकामा डांबरी रस्ता. दोघेही एकमेकांचा अंदाज घेताहेत. बर्नार्ड हरमनचं संगीत विमान टँकरवर आदळेपर्यंत येतच नाही. कानाचं यंत्र काढून ठेवलं होतंत तरी तुमचं फारसं काही बुडालं नाही.

आणि आपले? 'महल' म्हणा, 'वो कौन थी' म्हणा, ते टीव्हीवर अख्खे आले, कारण मुळात चौकोनीच काढलेले होते. आपल्याकडे सिनेमास्कोप 1959 ला 'कागज़ के फूल'मध्ये पहिल्यांदा आला, पण आमच्या पिढीला दूरदर्शनवर जी हिंदी भुतं भेटली ती बहुतेक चौकोनात राहणारी. पावसात गाडीच्या काचेपलीकडे पांढऱ्या साडीतली साधना उभी, वायपर फिरतोय. तिथे कडा लागतच नाहीत. आता नव्या टीव्हीवर ह्या सिनेमांच्या डाव्या-उजव्या बाजूला काळं राहतं, आणि तुमचा नातू ते ताणून भरतो. साधना जाड दिसते. त्याला एवढं तरी सांगा.

सोबत जो पेन ड्राइव्ह पाठवतेय त्यात कुरोसावाचा 'हाय अँड लो' आहे, 1963 चा, जपानी. खाली अक्षरं येतात, म्हणजे ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. इंग्रजी आहेत, अडलं तर नातू सांगेल. बुटांच्या कंपनीतल्या एका बड्या माणसाला फोन येतो, तुमचा मुलगा पळवलाय. आणि मुलगा तर घरातच आहे. चुकून ड्रायव्हरचा पोरगा नेलाय. पैसे द्यायचे का? तासभर सिनेमा जवळपास एकाच दिवाणखान्यात आहे. तुम्ही फक्त एक करा, बोलणाऱ्याकडे बघू नका. ड्रायव्हर कुठे उभा आहे ते बघा. नोकर माणूस मालकाच्या खोलीत कुठे उभा राहतो, मान किती खाली घालतो, आणि पैशांचा विषय निघाला की भिंतीकडे किती सरकतो. पोलीस पडदे उघडताना जमिनीवर बसतात, कारण खालच्या वस्तीतून कुणीतरी खिडकीकडे बघत असतो. नंतर आगगाडी येते. खऱ्या धावत्या गाडीत, एका वेळी अनेक कॅमेरे लावून काढलंय ते. तिच्या प्रसाधनगृहाची खिडकी फक्त 7 सेंटिमीटर उघडते आणि पैशांच्या बॅगा त्यातून बाहेर टाकायच्या असतात. पुढचं सांगत नाही. एका ठिकाणी मात्र झोप लागली असेल तर मामींनी तुम्हाला हलवावं, कारण अख्ख्या कृष्णधवल सिनेमात तेवढ्यापुरताच एक रंग येतो.

झूम काढायचं असं: रिमोटवर सेटिंग्ज, मग पिक्चर, त्यात चित्राचा आकार असं काहीतरी असेल, तिथे मूळ आकार निवडायचा. नातवाला तोंडी सांगितलं तर कळणार नाही, त्याला हा परिच्छेद दाखवा.

राहता राहिली तुमची तक्रार. रात्री दिवे घालवल्यावर पट्ट्या नीट काळ्या दिसत नाहीत, राखाडी उजेड मारतात, "मास्किंग धड नाही" म्हणालात. बरोबर आहे, ह्या टीव्हीचा काळा तसा काळा नसतो. म्हणून पार्सलमध्ये काळ्या मखमलीच्या दोन पट्ट्या घातल्यात, 95 लांब, आठ रुंद. मागे पुठ्ठा शिवलाय आणि टोकांना हुक आहेत, काचेला चिकटवायचं नाही. माप ब्लॅक रॉकचं आहे. कुरोसावा 2.35 चा, त्याला वर-खाली साडेसहाच लागतात, तेव्हा दोन्ही पट्ट्या दीड-दीड सेंटिमीटर बाहेर सरकवून घ्या. नाहीतर खालच्या ओळीत बसलेल्या पोलिसांची डोकी कापाल आणि मग मीच खालून ओरडेन.

मामींना नमस्कार. चिवडा संपला, डबा परत पाठवतेय.

तुमची,
बेबी