धुक्याच्या गावातील प्रतीक्षा

इंदुरास परतल्यावर भेटणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "मग तिकडे काय काय पाहिलेत?" मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका म्हटले की ज्वालामुखी, निबिड अरण्ये आणि दोन बाजूंचे दोन महासागर अशी वर्णने लोकांच्या कानांवर असतात. आम्हीही त्यांपैकी थोडेबहुत पाहिले. परंतु २०२२ च्या मे महिन्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंतच्या आमच्या मुक्कामात मनावर जे कायमचे उमटले, ते म्हणजे एका गावाच्या फुटबॉल संघाचा एक हंगाम! जन्मभर क्रिकेटखेरीज दुसऱ्या खेळाकडे ज्यांनी ढुंकूनही पाहिले नाही, त्या आम्हा उभयतांनी असे म्हणावे याचे वाचकांना नवल वाटेल. म्हणूनच ही हकीकत जरा सविस्तर सांगितली पाहिजे.

आमचे चिरंजीव तिकडे वैद्यकीय उपकरणे तयार करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीस आहेत. त्यांचे बिऱ्हाड कार्तागो या गावी. विमान उतरते ते आलाहुएला गावाजवळ. तेथून राजधानी सान होसे ओलांडून कार्तागोस यावे लागते. हे सारे अंतर इंदूर ते देवास एवढे, फार तर थोडे अधिक. पण एवढ्याशा टापूत आलाहुएला, एरेदिया, सान होसे आणि कार्तागो अशी चार जुनी गावे डोंगरांच्या कुशीत वसली आहेत आणि प्रत्येकाचा आपापला फुटबॉल संघ आहे. आलाहुएलाचा लाल-काळा आलाहुएलेन्से, एरेदियाचा लाल-पिवळा एरेदियानो, राजधानीलगतच्या तिबासचा जांभळा सापरिसा आणि कार्तागोचा निळा-पांढरा कार्ताहिनेस. लिहिताना ‘ज’ आणि वाचताना ‘ह’ हा तिकडच्या स्पॅनिश भाषेचा रिवाज अंगवळणी पडेपर्यंत आमची फार फजिती झाली. तेथील लोक वडीलधाऱ्या पुरुषास आदराने ‘दोन’ म्हणून हाक मारतात. आमच्या सौभाग्यवती पहिले काही दिवस प्रत्येक हाकेला दुसरा कोण आहे, हे मागे वळून पाहत असत!

या देशाने १९४८ साली आपले सैन्यच बरखास्त केले. त्यामुळे की काय, गावागावांतील जुनी ईर्ष्या सारी फुटबॉलच्या मैदानावर येऊन स्थिरावली आहे. राष्ट्रीय साखळी स्पर्धा १९२१ साली सुरू झाली आणि पहिला मान एरेदियानोने मिळविला. पुढे सर्वांत अधिक वेळा विजयी ठरला तो सापरिसा. आलाहुएलेन्सेच्या मैदानास आलेहांद्रो मोरेरा सोतो या खेळाडूचे नाव आहे. १९३० नंतरच्या दशकात तो स्पेनमध्ये जाऊन बार्सेलोना संघातून खेळला. या गोष्टीचा अभिमान त्या गावी अद्यापि ताजा आहे.

आणि कार्तागो? कार्तागोपाशी होती ती केवळ प्रतीक्षा.

हे गाव १५६३ साली वसले आणि १८२३ पर्यंत देशाची राजधानी होते. राजधानी गेली तरी जुन्या राजधानीचा ताठा गेला नाही. आम्हा इंदूरकरांना हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही! मे १९१० मध्ये भूकंपाने गाव जमीनदोस्त केले. भर चौकात एका अपुऱ्या राहिलेल्या चर्चच्या दगडी भिंती उभ्या आहेत. त्यांना आता कोणी छप्पर घालीत नाही. आत बाग केली आहे. गावाच्या डोक्यावर ३,४३२ मीटर उंचीचा इरासू ज्वालामुखी आहे. १९६३ ते १९६५ या काळात त्याने या खोऱ्यावर राख ओतली. आता त्याच्याच उतारावर बटाटे, कांदे आणि कोबी पिकतात. दुपार कलली की डोंगरावरून धुके उतरते आणि पलीकडच्या गल्लीतील माणूस दिसेनासा होतो. म्हणून येथील संघास सारा देश ‘ब्रुमोसोस’ म्हणतो. आपल्याकडील आडनावांच्या धर्तीवर ‘धुकेकर’ म्हणा ना!

हा धुकेकरांचा संघ १९०६ साली स्थापन झाला, म्हणजे भूकंपाहूनही जुना. १९२३, १९३६ आणि १९४० अशी तीन वर्षे त्याने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्यानंतर मात्र एकदाही नाही. मौज अशी की, संपूर्ण उत्तर व मध्य अमेरिकेतील विजेत्या संघांचा १९९४ चा करंडक याच संघाने मेक्सिकोच्या आत्लान्ते संघाला हरवून जिंकला होता. पण घरचे विजेतेपद काही केल्या हाती लागेना. २००७ पासून तेथे वर्षातून दोन हंगाम आणि दोन विजेते होऊ लागले. म्हणजे संधी दुप्पट झाल्या, तशा निराशाही दुप्पट झाल्या. २०१३ साली अंतिम फेरीतील पहिला सामना जिंकूनही शेवटी पेनल्टीच्या फटक्यांवर एरेदियानोने त्यांच्या तोंडचा घास काढून घेतला.

ही सारी माहिती आम्हास दिली ती आमच्या घरमालकांनी. ते निवृत्त शाळामास्तर, वय शहात्तर. खालच्या मजल्यावर ते आणि त्यांचे चौऱ्याऐंशी वर्षांचे थोरले बंधू राहत. थोरले हृदयविकाराने अंथरुणास खिळलेले. डॉक्टरांनी या पावसाळ्याची खात्री दिली नव्हती. मास्तरांची शिकवणी सायंकाळी ओसरीवर कॉफीच्या पेल्यासोबत चाले आणि आमचे चिरंजीव दुभाष्याचे काम करीत.

मास्तर म्हणाले, "१९४० साली विजयाची मिरवणूक निघाली तेव्हा आमचे वडील या दादाला खांद्यावर घेऊन गेले होते. दादा दोन वर्षांचा. त्याने सारे पाहिले, पण त्याला काहीच आठवत नाही. माझा तर जन्मही झालेला नव्हता. वडील सांगत तेवढेच आमच्यापाशी."

आतून थोरले खोकत म्हणाले, "आठवत नाही, हे दर वेळी सांगायलाच हवे का?"

या दीर्घ अपयशाची एक दंतकथा गावात प्रसिद्ध आहे. १९४० च्या विजयाच्या धुंदीत खेळाडू घोड्यांवर बसून थेट चर्चमध्ये शिरले. तेव्हा तेथील धर्मगुरूंनी शाप दिला, असे सांगतात. कोणी म्हणतात, मैदानाखाली एक मंतरलेली बाहुली पुरलेली आहे. मास्तर हे मानीत नसत. पण मैदानाकडे जाताना बॅसिलिकेसमोर टोपी काढावयास विसरत नसत. या बॅसिलिकेतील माता म्हणजे काळ्या दगडाची एक वीतभरही नसलेली मूर्ती. १६३५ साली ती एका गरीब मुलीस रानात सापडली, अशी श्रद्धा आहे. दर २ ऑगस्टला तिच्या दर्शनासाठी देशभरातून लाखो लोक पायी येतात. कित्येक जण मंदिराच्या दारापासून मूर्तीपर्यंत गुडघ्यांवर चालत जातात. काळी मूर्ती आणि पायी येणारे भाविक! आमच्या सौ.नी पहिल्याच दर्शनाला हात जोडले ते अगदी पंढरीत जोडावेत तसे.

मे महिन्यात तेथे पावसाळा सुरू होतो. जानेवारीत कोरड्या हवेत आरंभ झालेला हंगाम आता चिखलात येऊन पोहोचला होता. स्पर्धेत तेव्हा बारा संघ होते; साखळी सामन्यांनंतर पहिले चार पुढील फेरीत जात. मास्तरांनी आम्हास एका सामन्याला नेले. फेयो मेसा हे १९३६ आणि १९४० च्या संघांतील नामांकित खेळाडू. त्यांच्याच नावाचे ते मैदान. दोन तास पाऊस कोसळत होता. मेणकापडे पांघरलेली कुटुंबेच्या कुटुंबे बाकांवर बसली होती. आजी, सून आणि कडेवरचे मूल, सारी निळ्या-पांढऱ्या वेषात. खेळ आम्हास फारसा उमगला नाही. पण प्रत्येक चढाईच्या वेळी ते सारे एकदम उभे राहत आणि चेंडू बाहेर गेला की काहीही न बोलता एकदम खाली बसत. त्या बसण्यात संताप नव्हता. फार दिवसांची सवय होती.

मास्तरांना आम्ही विचारले, "इतकी वर्षे हार पाहून दुसरा संघ धरावा, असे कधी वाटले नाही?"

ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "घर गळते म्हणून कोणी आडनाव बदलतो काय?"

१४ जूनला कोस्टा रिकाच्या राष्ट्रीय संघाने न्यूझीलंडला एका गोलने हरवून विश्वचषकातील जागा मिळविली. सारा देश रस्त्यावर आला. मास्तरही हसले, पण त्यांचे लक्ष अन्यत्र होते. कार्ताहिनेस बाद फेरीत पोहोचला होता. थोरल्यांचा श्वास त्या आठवड्यात अधिकच जड झाला होता.

याच सुमारास आमच्या आयुष्यातही एक गोष्ट घडली. २६ जूनच्या पहाटे इंदुराहून फोन आला. बेंगळुरूच्या मैदानावर मध्य प्रदेशाने मुंबईस हरवून रणजी करंडक जिंकला होता! होळकरांच्या संघाने १९५२-५३ साली तो चौथ्यांदा आणि शेवटचा जिंकला, तेव्हा आम्ही पाळण्यात होतो. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, सरवटे यांच्या खेळाच्या गोष्टी आमचे वडील यशवंत क्लबच्या मैदानाच्या कडेने फिरताना इतक्या वेळा सांगत की, आपण ते सामने प्रत्यक्ष पाहिले, असे आम्हास पुढे वाटू लागले होते. त्यानंतर होळकरांचा संघ गेला, राज्याचे नाव बदलले आणि करंडक काही आला नाही. १९९९ च्या अंतिम सामन्यात चंद्रकांत पंडित यांच्या नेतृत्वाखाली तो याच बेंगळुरूस निसटला होता; आता तेच पंडित प्रशिक्षक म्हणून तो घेऊन आले. प्रतिस्पर्धी मुंबई, म्हणजे आमचे निम्मे आप्त तिकडचे! तरीही त्या पहाटे आमचे डोळे कोणत्या बाजूने भरून आले, हे सांगावयास नको.

ओसरीवर येऊन आम्ही हे मास्तरांना सांगितले. क्रिकेट म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हते. पण एकोणसत्तर वर्षे हा आकडा त्यांनी बोटांवर मोजला, आत जाऊन भावास सांगितला आणि बाहेर येऊन आमचा हात धरून म्हणाले, "म्हणजे असे घडते तर!"

अंतिम फेरी आलाहुएलेन्सेशी होती. पहिला सामना कार्तागोत आणि जुलैच्या आरंभी दुसरा आलाहुएलात. त्या रात्री मास्तर तिकडे गेले नाहीत. भावाच्या खाटेजवळ रेडिओ लावून बसले. दूरचित्रवाणी संच घरात होता; पण थोरल्यांना रेडिओच हवा होता, कारण वडील रेडिओ ऐकत. आम्ही दारापाशी खुर्च्या टाकून बसलो. निवेदकाचा एकही शब्द आम्हास कळत नव्हता. कळत होते ते एवढेच, की थोरले डोळे मिटून पडले आहेत आणि मास्तरांचे बोट त्यांच्या नाडीवर आहे.

शेवटची शिट्टी झाली, तेव्हा रेडिओतील आवाज फुटला आणि लगोलग गावातील घंटा, भोंगे, फटाके एकदम सुरू झाले. मास्तर उठले नाहीत. थोरल्यांनी डोळे उघडून विचारले, "खरेच?" मास्तरांनी मान हलविली. मग खिडकी उघडावयास सांगून ते बराच वेळ रस्त्यावरचा कल्लोळ ऐकत राहिले. चौकातील त्या पडक्या भिंतींभोवती माणसांचा समुद्र लोटला होता; अनोळखी माणसे एकमेकांस मिठ्या मारून रडत होती. आम्हासही कोणी कोणी मिठ्या मारल्या आणि आम्हीही मारू दिल्या!

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आम्हास घेऊन दफनभूमीत गेले. तेथे आधीच पुष्कळ लोक आले होते. कोणी निळा-पांढरा रुमाल ठेवीत होते, कोणी नुसतेच बोलत होते. मास्तरांनी वडिलांच्या थडग्यापाशी उभे राहून वर्तमानपत्रातील बातमी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, वर्गात धडा वाचावा तशी, मोठ्याने वाचली. चिरंजीव भाषांतर करू लागले. आम्ही हातानेच नको म्हटले.

घरी आल्यावर थोरल्यांनी विचारले, "वाचलेस?" मग आमच्याकडे वळून म्हणाले, "वडिलांचे खांदे मला कधीच आठवले नव्हते. काल रात्री आठवल्यासारखे वाटले. खरे की खोटे, कोण जाणे."

२ ऑगस्टची यात्रा साथीमुळे दोन वर्षे होऊ शकली नव्हती. ती त्या वर्षी पुन्हा भरली. ती पाहून आम्ही निघालो. निरोपाच्या वेळी मास्तरांनी एक निळा-पांढरा रुमाल दिला. तो आमच्या दिवाणखान्यात वडिलांच्या तसबिरीखाली घडी करून ठेवला आहे. येणारे-जाणारे विचारतात, हा कोणत्या पक्षाचा झेंडा? त्यांना ही हकीकत सांगावी लागते.

पुढल्या वर्षाच्या आरंभी थोरले गेल्याचे चिरंजीवांनी कळविले. मास्तर मात्र गावात सामना असला की पूर्वीप्रमाणेच पाऊस असो वा नसो, मैदानावर जातात. संघ कधी जिंकतो, बहुधा हरतो. पुन्हा वाट पाहणे सुरू झाले आहे.