तीनशे पंधराचे काडतूस

'थ्री नॉट थ्री' हा शब्द मराठी माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. ज्याने जन्मात बंदूक हाती धरली नाही, तोही पोलिसाच्या खांद्यावरची जुनी रायफल पाहून तो सहज उच्चारतो. 'तीनशे पंधरा' हा त्याचा धाकटा भाऊ मात्र परवानाधारकांच्या बोलण्यात आणि गुन्ह्यांच्या बातम्यांतच भेटतो. मराठीतल्या शिकारकथा पुन्हा वाचताना आमचे लक्ष ह्या दुसऱ्या आकड्याकडे गेले. हरणाला किंवा डुकराला कोणती गोळी योग्य, हा प्रश्न जगभरच्या शिकाऱ्यांनी जनावराकडे पाहून सोडवला. आपल्याकडे तो पुष्कळदा सरकारने आपल्या प्रजेकडे पाहून सोडवला, असे आम्हांला वाटू लागले.

आधी आकड्यांविषयी. वाङ्मयाच्या माणसाला ते परके वाटतात. पण तेही शब्दच आहेत, आणि शब्दांइतकेच फसवे. 'बारा बोअर' म्हणजे बारा इंच नव्हे की बारा मिलिमीटर नव्हे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअरची नळी. म्हणूनच आकडा वाढला की नळी लहान होते; सोळा बोअरची बंदूक बारा बोअरहून बारीक. रायफलचा हिशोब निराळा. तिथे नळीचा व्यास इंचाच्या अपूर्णांकात सांगतात; .३०३ म्हणजे इंचाचे हजारातले तीनशे तीन भाग. त्यातही खुबी अशी की नळीत पिळाच्या खाचा असतात आणि गोळी त्या खाचांत दाबून बसावी लागते, त्यामुळे प्रत्यक्ष गोळी नावातल्या आकड्याहून थोडी जाडच असते. जिम कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ साली मारली म्हणून त्याला भेट मिळालेली रिग्बी रायफल .२७५ची होती. हे काडतूस म्हणजे दुसरेतिसरे काही नसून जर्मनांचे सात मिलिमीटरचे माउझर. इंग्रज बंदूकवाल्याने त्याचे इंचांत भाषांतर केले, एवढेच.

चितळ, काळवीट, रानडुक्कर अशा मध्यम जनावरांसाठी ह्या सात मिलिमीटरची कीर्ती मोठी. त्यामागचे कारण साधे आहे. गोळी फार हलकी असेल तर डुकराच्या खांद्याच्या हाडावर ती फुटते, आत काळजापर्यंत पोचत नाही, आणि जनावर जखम घेऊन पळते. फार जड असेल तर धक्क्याच्या धास्तीने नेम हलतो, परिणाम तोच. नेमका घाव बसेल आणि जनावर जागीच पडेल, ह्या दोन टोकांमधली जागा शोधणे म्हणजे कॅलिबर निवडणे. ही निवड नैतिक आहे असे आम्ही म्हटले तर काहींना हसू येईल. पण शिकार करणे योग्य की अयोग्य हा वाद संपल्यावरही, मारायचेच ठरले तर किती यातना देऊन मारायचे, हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि त्याचे उत्तर काडतुसाच्या पेटीवर लिहिलेले असते.

आपल्याकडे हा विचार मोकळेपणाने होऊ शकला नाही. १८५७चा धसका घेतलेल्या सरकारने १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० कॅलिबरच्या रायफलींना हिंदुस्थानात बंदी झाली, कारण लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचे कॅलिबर तेच होते. आपल्या कोठारातून गेलेली गोळी आपल्यावरच उलटेल, ही भीती. विलायतेतल्या कारखानदारांनी मग .४६५, .४७० अशी नवी काडतुसे काढली. हत्ती आणि गवे तेच, फक्त आकडे बदलले. .३०३चेही तसेच झाले. ते लष्कराचे काडतूस, म्हणून रयतेला वर्ज्य. मग पर्याय शोधला गेला तो थेट ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करातून: मान्लिखरचे आठ मिलिमीटरचे काडतूस. त्याच्या बुडाला .३०३सारखीच बाहेर आलेली कड होती आणि आकारमानही जवळचे होते, त्यामुळे ली-एनफिल्डच्या सांगाड्यात ते बसवता आले. आठ मिलिमीटरला पंचवीस पूर्णांक चार दशांशने भागले की .३१५ येते. तीनशे पंधराच्या नावामागे एवढेच गणित आहे. गोळी सुमारे २४४ ग्रेनची, म्हणजे सोळा ग्रॅमच्या आसपास. जड आणि संथ. चितळाला जरा जास्तच, डुकराला पुरेशी. चांगली आहे, पण कुण्या शिकाऱ्याने दहा काडतुसे पारखून ही निवडली असे मात्र झाले नाही.

सरकारची भीती अगदीच निराधार होती असे आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला म्हणता येणार नाही. १९४२ नंतर साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले, आणि एकेका हत्यारासाठी, एकेका काडतुसासाठी त्या मंडळींनी काय काय खटपटी केल्या, हे त्या चळवळीच्या आठवणी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. आश्चर्य वाटते ते त्यानंतरचे. इंग्रज गेले, पण त्यांची भीती आपण कायद्याच्या कलमांसकट ठेवून घेतली. २०१६च्या शस्त्रनियमांतही .३०३ची रायफल सामान्य परवान्याच्या पलीकडचीच आहे, आणि कसोटीही तीच जुनी: सरकारी काडतूस त्या नळीत चालते का? उलट अमेरिकन लष्करासाठी १९०६ साली निघालेले .३०-०६चे काडतूस आपल्या नागरिकाला परवान्यावर चालते. परक्याच्या लष्कराचे चालते, आपल्या लष्कराने केव्हाच मागे टाकलेले चालत नाही! आणि ज्या तीनशे पंधराला निरुपद्रवी म्हणून मान्यता मिळाली, त्याचेच गावठी कट्टे उत्तरेत बनू लागले, कारण बाजारात काडतूस मिळते ते त्याचेच.

तीनशे पंधराची रायफल बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली. काडतूस मात्र आपल्या घरचे. त्याच्या बुडावर 'आठ एमएम' आणि 'केएफ' अशी अक्षरे असतात. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, पुण्याजवळच्या खडकीचा १८६९चा दारूगोळा कारखाना. रेल्वेने खडकीवरून जाताना आपण काय ओलांडत आहोत ह्याची प्रवाशाला कल्पनाही नसते.

असो. आता शिकारकथांकडे वळू. कॉर्बेट वाचताना त्याच्या हाती त्या दिवशी कोणती रायफल आहे हे आपल्याला कळते, आणि हलकी रायफल घेऊन तो झाडीत शिरला की आपला जीव खालीवर होतो. मराठीत आमच्या वाचनातल्या पुष्कळ कथांत नुसती 'बंदूक' असते. ती ठासणीची आहे, बारा बोअरची आहे की रायफल, हे संदर्भावरून ताडावे लागते. पण ह्या तिघींची अंतरे निराळी आणि त्यामुळे धैर्यही निराळे. बारा बोअरवाल्याला जनावर तीसचाळीस पावलांवर येऊ द्यावे लागते. रायफलवाला पलीकडच्या टेकाडावरून बार काढतो. ज्या कथेत हे कळत नाही तिच्यातले भय अर्धे वाया जाते. आमच्या मुलखाचे व्यंकटेश माडगूळकर स्वतः शिकारीचा नाद केलेले आणि पुढे बंदूक ठेवून जनावरे नुसती पाहत बसलेले लेखक. 'सत्तांतर'सारखे पुस्तक ज्याने कधी नेम धरला त्याच माणसाकडून यावे, हे आम्हांला स्वाभाविक वाटते. नेम धरणाऱ्याला जनावराकडे फार वेळ स्थिर पाहावे लागते.

हौसेची शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्याने आवळली आणि १९९१च्या दुरुस्तीने तिचा परवानाही संपवला. उरले ते पिकात शिरणारे रानडुक्कर. त्याच्यासाठी अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आमच्या एका सहकाऱ्याच्या चुलत्यांनी ती दोनदा मिळवली होती. तालुक्याच्या डोंगराकडच्या बाजूला त्यांचे ऊस-भुईमुगाचे रान आहे. त्यांच्या परवान्यावर तीन हत्यारे होती: आजोबांची ठासणीची, वडिलांची दुनळी बारा बोअर आणि त्यांनी स्वतः घेतलेली तीनशे पंधरा. २०१९ साली कायदा बदलला आणि एका परवान्यावर तीनांऐवजी दोनच हत्यारे ठेवण्याची मर्यादा आली. वारशाने आलेलीही त्याच मोजणीत. एक जमा करणे भाग होते. घरातल्या तरुणांचे मत सरळ होते: ठासणीची द्यावी, ती उडतच नाही.

काकांनी तीनशे पंधरा दिली. आम्ही कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "सर, हिच्यातली गोळी आपल्या बांधावर थांबत न्हाई. मी घेतली तवा पल्याड माळ हुता. आता समदीकडं ऊस, त्यात बायका खुरपाय बसलेल्या. डुकराच्या आरपार गेली तर कुटं जाऊन पडंल, कुनाला ठावं?" बारा बोअरची एकच भरीव गोळी डुकराला पुरते का, जवळून चुकली तर काय, असे आम्ही पुस्तकी शंकेने विचारले. त्यांनी मान हलवली. "पुरती. पर जवळ येऊ द्यावं लागतं. नसंल जमत तर मारू नये."

हे कॅलिबरविषयीचे आमच्या ऐकण्यातले सर्वांत नेमके बोलणे. जनावर, अंतर, आडोसा आणि आडोशापलीकडचे माणूस, एवढा सगळा विचार त्यात आहे, आणि तो कोणत्याही कलमाने त्यांच्याकडून करून घेतलेला नाही. ठासणीची बंदूक त्यांनी का ठेवली हे त्यांनी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. तीनशे पंधरा जमा करण्यापूर्वी त्यांनी ती तेल लावून पुसली आणि उरलेली काडतुसे ओट्यावर मांडून मोजली. सात निघाली. डुकरे ह्या हंगामातही भुईमुगात येऊन गेली. परवानगीचा अर्ज त्यांनी अजून केलेला नाही.