व्हूरेनची सहा गावं

ब्रुसेल्स सुटताना गाडीतल्या सूचना फ्रेंच आणि डच अशा दोन्ही भाषांत होत होत्या. शहर मागे पडलं आणि फ्रेंच थांबली. लूवेन गेलं, लिएज जवळ आलं तशी डच थांबली आणि फ्रेंच पुन्हा सुरू झाली. गाडी तीच, कंडक्टरही तोच. बेल्जियमची भाषासीमा १९६२-६३ साली कायद्याने आखली गेली आणि तो कायदा रेल्वेच्या डब्यातही पाळला जातो.

लिएजहून विझेला गेलो आणि तिथून टॅक्सी केली. मला व्हूरेन पाहायचं होतं. सहा लहान गावं, मिळून वस्ती जेमतेम चार हजार. उतरत्या कुरणांत गाई, सफरचंदाच्या बागा, लाकडी चौकटीत विटा बसवलेली जुनी घरं. इतक्या शांत मुलखाने १९८७ साली देशाचं सरकार पाडलं, यावर विश्वास बसत नाही.

सीमा आखताना ही गावं फ्रेंचभाषक लिएज प्रांतातून काढून डचभाषक लिम्बर्गला जोडली गेली. नकाशात पाहा: एका बाजूला नेदरलँड्स, दुसरीकडे लिएज, उरलेल्या फ्लँडर्सशी, म्हणजे डचभाषक प्रदेशाशी, कुठेच हद्द लागत नाही. पुढे जोझे हापार नावाचा फ्रेंचभाषक पुढारी इथला महापौर झाला आणि त्याने डच येते हे सिद्ध करून दाखवायला नकार दिला. नेमणूक कोर्टात रद्द झाली, तो पुन्हा आला, आणि या वादात विल्फ्रीड मार्टेन्स यांचं सरकार गडगडलं. स-ग्राव्हेनव्हूरेनच्या वाटेवर एक पाटी दिसली. तिच्यावरचं गावाचं फ्रेंच नाव काळ्या रंगाने पुसलेलं होतं. टॅक्सी थांबवून मी बराच वेळ ती पाहत राहिलो. बेळगाव-निपाणीच्या पाट्यांवरून झालेली आंदोलनं ऐकत वाढलेल्या माणसाला तो रंग ओळखीचा वाटतो.

बेल्जियममध्ये आघाडी सरकारची मोट बांधणं दुप्पट अवघड आहे. १९६८ साली डचभाषक लूवेनच्या विद्यापीठातून फ्रेंच विभाग बाहेर काढण्यावरून सरकार पडलं, ख्रिश्चन लोकशाहीवादी पक्ष भाषेवरून दुभंगला, आणि १९७८ पर्यंत उदारमतवादी आणि समाजवादीही दुभंगले. त्यामुळे प्रत्येक विचारसरणीचे दोन पक्ष झाले. मंत्रिमंडळात पंतप्रधान सोडून डच आणि फ्रेंच मंत्री समसमान असावेत, ही घटनेची अट. काही खास कायद्यांना दोन तृतीयांश मतं तर हवीतच, शिवाय दोन्ही भाषागटांत वेगवेगळं बहुमतही हवं. २०१० च्या निवडणुकीनंतर सरकार बनवण्याच्या चर्चेचं गुऱ्हाळ ५४१ दिवस चाललं. ते मिटलं तेही देशाचं पतमानांकन खाली आल्यावर, अवघ्या काही दिवसांत.

या दिरंगाईबद्दल बेल्जियमला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. एका भाषेने दुसरीवर डोक्यांच्या संख्येने मात करू नये म्हणून मोजलेली ती किंमत आहे, आणि ती मोजण्यासारखी आहे. खरं दुखणं वेगळीकडे आहे. ब्रुसेल्स आणि मोजके अपवाद सोडले, तर डचभाषक अँटवर्पच्या मतपत्रिकेवर सहसा फ्रेंच पक्ष नसतात आणि फ्रेंचभाषक नामूरच्या मतपत्रिकेवर फ्लेमिश पक्ष. पुढारी मत मागतो अर्ध्या देशाकडे, कारभार करतो अख्ख्या देशाचा. पलीकडच्यांना दुखावलं तरी त्याची एकही जागा जात नाही. मग निवडणुकीपूर्वी त्याने समजूतदारपणे का बोलावं?

व्हूरेन त्या मोजक्या अपवादांपैकी एक. गावच्या कॅफेत शेजारी बसलेल्या वयस्कर गृहस्थांनी हे मला समजावून सांगितलं. घरी फ्रेंच, दुकानात डच, आणि जुन्या शेजाऱ्यांशी गावची बोली, असं त्यांचं चालतं. १९८८ पासून इथल्या माणसाला हवं तर सीमेपलीकडे ओबेलला जाऊन संसदेसाठी मत देता येतं. ते ओबेलला जातात, त्यांची बहीण गावातच मत देते. "भांडण होतं का?" मी विचारलं. "पूर्वी व्हायचं," ते म्हणाले. २००० साली ग्रामपालिका डचभाषकांच्या हाती गेली, इथे राहणाऱ्या नेदरलँड्सच्या नागरिकांना युरोपीय नियमाने मताधिकार मिळाल्यामुळे. तेव्हापासून रस्त्यावरचा आवाज कमी झाला, असं त्यांचं म्हणणं.

देशात ९ जून २०२४ ला निवडणूक झाली आणि सरकार आलं ३ फेब्रुवारी २०२५ ला. पंतप्रधान झाले बार्ट डे व्हेव्हर. त्यांच्या पक्षाच्या ध्येयधोरणात स्वतंत्र फ्लँडर्स लिहिलेलं आहे, आणि संसदेतल्या १५० पैकी २४ जागांवर त्यांना दोन फ्रेंच पक्षांना सोबत घ्यावं लागलं. दोन्ही भाषांतल्या काही प्राध्यापकांनी बऱ्याच वर्षांपूर्वी सुचवलं होतं की, १५० पैकी १५ जागा संपूर्ण देश एकच मतदारसंघ धरून निवडाव्यात, म्हणजे काही पुढाऱ्यांना तरी दोन्ही भाषांत मत मागावं लागेल. ते अजून झालेलं नाही. कॅफेतल्या गृहस्थांना मी याबद्दल विचारलं, तर ते म्हणाले की डे व्हेव्हर इथे येऊन फ्रेंचमध्ये मत मागणार असतील, तर ऐकायला ते स्वतः पहिल्या रांगेत बसतील, मत द्यायचं की नाही ते मग ठरवतील.